थंड काटा, तापलेले तेल

मार्च संपत आला की सरगूर परिसरातील ट्रॅक्टरांना उसंत उरत नाही. म्हैसूर जिल्ह्यात कपिला नदीच्या काठी वसलेले हे गाव पूर्वी हेग्गडदेवनकोटे तालुक्यात होते. आता ते स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे. एका अंगाला बंदीपूर आणि नागरहोळेचे अरण्य, दुसऱ्या अंगाला कबिनी व नुगू धरणांचे पाणी आणि मधल्या शिवारात कापूस, मका, तंबाखू, आले अशी पिके. येथील कोरडवाहू कापूस विदर्भाप्रमाणे जूनची वाट पाहत नाही. वळवाच्या सरींच्या भरवशावर एप्रिल-मे महिन्यांतच त्याची पेरणी होते. त्यामुळे नांगरट, ढेकळे फोडणे आणि शेणखत वाहून नेणे ही सारी कामे उन्हाच्या ऐन तडाख्यात, मोजक्या आठवड्यांत उरकावी लागतात. ट्रॅक्टर स्वतःचा नसेल तर तो ज्या दिवशी मिळेल तोच मुहूर्त.

अशा दिवसांतले एक दृश्य कोणत्याही कापूसपट्ट्यात ओळखीचे वाटावे. भाड्याने चालणारा ट्रॅक्टर सकाळपासून हायड्रॉलिक ट्रॉलीने खत टाकत आहे. दुपारी दोनच्या सुमारास ट्रॉली पूर्वीपेक्षा सावकाश उचलली जाऊ लागते. पंपाचा आवाज बदललेला असतो. चालक समोरच्या पट्टीकडे पाहतो. तापमानाचा काटा हिरव्या पट्ट्यात, किंबहुना त्याच्याही खाली, शांतपणे पडून आहे. ‘तापलेला नाही, म्हणजे ठीक आहे,’ असे म्हणून तो काम चालू ठेवतो. संध्याकाळी पंपाजवळच्या सीलमधून तेल झिरपू लागते आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर उभा राहतो. रांगेत असलेल्या चार शेतकऱ्यांची पेरणी त्याच्याबरोबर खोळंबते. वळवाची सर मात्र कोणासाठी थांबत नाही.

या प्रसंगात चूक कोणाची, हा प्रश्न दुय्यम आहे. मुख्य प्रश्न असा की, तेल खरोखरच थंड होते की काटा मेलेला होता? आणि याहून मोठा प्रश्न असा की, हे तपासून पाहण्याची सवय शेतीक्षेत्रात कोणी लावली आहे काय?

कोणता काटा काय सांगतो

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. भारतात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मध्यम अश्वशक्तीच्या बहुतेक ट्रॅक्टरांवर तापमानाचा जो एकमेव काटा असतो, तो इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे तापमान दाखवतो. हायड्रॉलिक तेलाचे नव्हे. हायड्रॉलिक तेलासाठी स्वतंत्र मापक किंवा इशारा-दिवा असतो तो मुख्यतः मोठ्या ट्रॅक्टरांवर, कापणी यंत्रांवर आणि खोदाई-भराई यंत्रांवर. इंजिनाचे पाणी नेमस्त तापमानावर असताना हायड्रॉलिक तेल भाजून निघत असणे पूर्णपणे शक्य आहे, कारण दोघांची उष्णता निर्माण होण्याची ठिकाणे वेगळी आणि ती बाहेर टाकण्याचे मार्गही वेगळे.

पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, मागील आस आणि हायड्रॉलिक लिफ्ट यांना एकच तेल पुरवले जाते. त्यामुळे हे तेल तापणे म्हणजे केवळ लिफ्ट मंदावणे नव्हे; गिअर, बेअरिंग आणि तेलात चालणारे ब्रेक या साऱ्यांच्या वंगणाचा तो प्रश्न ठरतो. म्हणून प्रत्येक चालकाने आपल्या यंत्रावरचा काटा नेमके कोणते तापमान दाखवतो, हे पुस्तिकेत पाहून निश्चित करावे. हायड्रॉलिकचा मापक असेल तर तो खरा बोलतो का, हे तपासावे. नसेल तर त्याची उणीव दुसऱ्या मार्गाने भरून काढावी. दोन्ही मार्ग खर्चिक नाहीत.

तेल का तापते

हायड्रॉलिक यंत्रणेत तेलावर दिलेला दाब जेव्हा उपयुक्त कामात खर्च होत नाही, तेव्हा त्याची उष्णता होते. हे गणित सोपे आहे. १५० बार दाबाचे तेल काहीही न उचलता रिलीफ व्हॉल्व्हमधून परत टाकीत गेले, तर त्या एका फेरीतच त्याचे तापमान साधारण ९ अंशांनी वाढते. ट्रॉली पूर्ण उचलली गेल्यावरही चालक दांडा ओढून धरतो किंवा लिफ्टच्या क्षमतेबाहेरचे ओझे उचलण्याचा प्रयत्न करतो, तेव्हा नेमके हेच घडत असते. व्हॉल्व्हचा तो कर्कश आवाज म्हणजे डिझेलची सरळ उष्णता होत असल्याची वर्दी होय.

याखेरीज तेलाची पातळी कमी असणे, शोषण-नळीवरची जाळी गाळाने भरणे, तेल थंड करणाऱ्या जाळीवर भुसा व धूळ बसणे, पंप झिजून आतल्या आत गळती होणे आणि शिफारशीपेक्षा वेगळ्या जाडीचे तेल भरणे ही नेहमीची कारणे आहेत. तेल तापले की ते पातळ होते. ‘व्हीजी ४६’ या प्रतीच्या तेलाची सांद्रता ४० अंशांना ४६ एकके असते. ८० अंशांना ती सुमारे एक चतुर्थांश उरते. पातळ तेल पंपाच्या फटींतून अधिक निसटते, निसटलेले तेल आणखी उष्णता निर्माण करते आणि हे दुष्टचक्र आपल्याच वेगाने फिरू लागते. साधारण ८२ अंशांच्या पलीकडे खनिज तेल आणि रबरी सील या दोहोंचे आयुष्य झपाट्याने घटते, असे हायड्रॉलिक तंत्रात मानले जाते. दर १० अंश वाढीबरोबर तेलाच्या ऑक्सिडीकरणाचा वेग अंदाजे दुप्पट होतो, हा ठोकताळाही सर्वमान्य आहे.

तापमानाचे हे महत्त्व चाचणी संस्थांनी कधीच ओळखले आहे. ट्रॅक्टरांच्या आंतरराष्ट्रीय चाचणी संहितेत हायड्रॉलिक क्षमतेची मोजणी तेलाचे तापमान ६५ अंश, अधिक-उणे ५, या मर्यादेत असतानाच सुरू करावी, असा दंडक आहे. कारण तेलाचे तापमान ठाऊक नसेल तर लिफ्टच्या ताकदीचा आकडा निरर्थक ठरतो. प्रयोगशाळेत ज्या आकड्यावाचून पाऊल पुढे टाकले जात नाही, त्याच आकड्याविषयी शेतावर मात्र कमालीची बेफिकिरी असते.

बिघाड दिलाशाच्या बाजूने

या विषयातली खरी मेख मापकाच्या रचनेत आहे. बहुसंख्य विद्युत मापकांत तेलात बुडालेला एक सेन्सर असतो. तेल तापते तसा त्याचा विद्युत रोध कमी होतो, प्रवाह वाढतो आणि काटा उष्णतेकडे सरकतो. आता ही वायर उंदराने कुरतडली, जोडावर गंज चढला किंवा सेन्सर आतून तुटला, तर रोध अमर्याद वाढतो. मापकाच्या भाषेत त्याचा अर्थ एकच: तेल थंडगार आहे. काटा डावीकडे पडून राहतो आणि चालक निश्चिंत होतो.

आणखी एक चूक सद्हेतूने केली जाते. सेन्सरच्या आट्यांतून तेल झिरपू नये म्हणून मेकॅनिक त्यावर टेफ्लॉन टेपचे जाड वेढे देतो. एका वायरच्या सेन्सरचे अर्थिंग या आट्यांतूनच होत असते. टेपमुळे ते दुबळे झाले की रोध वाढतो आणि काटा प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवू लागतो. गळती थांबते, खरेपणाही थांबतो. बारीक नळी आणि द्रव भरलेला फुगा असलेल्या जुन्या यांत्रिक मापकांतही गत हीच. नळीला चीर पडली की आतला द्रव निघून जातो आणि काटा थंडीच्या टोकाला जाऊन बसतो.

काही बिघाड याच्या उलटही असतात. वायर सालपटून लोखंडाला टेकली, तर काटा एकदम लाल पट्ट्यात जातो. पण तो बिघाड ताबडतोब ध्यानात येतो, कारण चालक घाबरून ट्रॅक्टर थांबवतो. धोका आहे तो शांत बिघाडाचा. खोटी भीती दाखवणारा मापक दुरुस्त होतो. खोटा दिलासा देणारा मापक वर्षानुवर्षे तसाच राहतो. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण ट्रॅक्टरच्या पट्टीवर कोरून ठेवावी इतकी येथे चपखल बसते.

शहानिशा कशी करावी

मापक तपासण्याचे काम चार पायऱ्यांत होते. पहिल्या पायरीला कोणतेही साधन लागत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची चावी सकाळी फिरवली की काटा सर्वांत खाली असावा. काम सुरू झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने तो वर सरकलेला दिसावा आणि भर दुपारी जड काम चालू असताना आणखी वर. सकाळच्या सातला आणि दुपारच्या दोनला एकाच जागी असलेला काटा हा स्थिर तेलाचा नव्हे, बंद मापकाचा संशय मानावा. काही जुन्या ट्रॅक्टरांत डिझेलच्या आणि तापमानाच्या काट्यांना एकाच नियंत्रकातून वीज मिळते. दोन्ही काटे एकाच वेळी वेडेवाकडे वागू लागले, तर दोष सेन्सरचा नसून त्या समाईक पुरवठ्याचा असण्याची शक्यता अधिक.

दुसरी पायरी वायरची. इंजिन बंद, चावी चालू, आणि सेन्सरवरची वायर काढलेली, अशा स्थितीत काटा थंड टोकाला असावा. तीच वायर क्षणभर इंजिनाच्या स्वच्छ लोखंडी भागाला टेकवली की काटा उष्ण टोकाकडे झेपावावा. तो झेपावला तर मापक आणि वायर दोन्ही शाबूत आहेत व संशयाची सुई सेन्सरकडे वळते. तो हललाच नाही तर फ्यूज, वायर किंवा मापक यांत दोष आहे. ही चाचणी साध्या काट्याच्या मापकांसाठीच आहे. इलेक्ट्रॉनिक पट्टी आणि संगणकीय नियंत्रण असलेल्या ट्रॅक्टरांवर ती करू नये. तेथे पुस्तिकेत दिलेली पद्धत किंवा अधिकृत सेवा केंद्र हाच मार्ग.

तिसरी पायरी सेन्सरची. अवजार जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, दांडे दोन्ही बाजूंना हलवून यंत्रणेतला दाब आधी मोकळा करावा आणि तेल निवू द्यावे. सेन्सरभोवतीची माती पुसावी, तो काढताच भोकात लावण्यासाठी बूच तयार ठेवावे. मग सेन्सरचे फक्त धातूचे टोक पाण्यात बुडवून, पाणी हळूहळू तापवत मल्टिमीटरवर रोध पाहावा. तो एकसारखा उतरत गेला पाहिजे. मध्येच उडी मारणारा किंवा अजिबात न बदलणारा सेन्सर बाद समजावा. पुस्तिकेत रोधाचे आकडे असतील तर ताडून पाहावेत.

येथे स्थानाचा एक बारकावा आहे. उकळते पाणी म्हणजे १०० अंश, हे समुद्रकाठचे सत्य होय. सरगूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी सुमारे ९७.५ अंशांनाच उकळते. नागपुरात हा आकडा ९९ च्या आसपास, तर महाबळेश्वरात ९५-९६ अंशांवर येतो. उंचीच्या गावी तपासलेला निर्दोष सेन्सर दोन-तीन अंश कमी दाखवतो म्हणून फेकून देऊ नये. मोजणाऱ्याने मोजपट्टीचीही परीक्षा घ्यावी लागते, ती अशी.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची, कारण ती संपूर्ण साखळी एकदम तपासते आणि ज्या ट्रॅक्टरवर हायड्रॉलिक मापकच नाही, त्यालाही लागू पडते. इन्फ्रारेड थर्मामीटर आता तालुक्याच्या गावीही मिळतो. चकचकीत धातूवर तो कमी तापमान दाखवतो. म्हणून सेन्सरजवळच्या लोखंडावर किंवा तेलाच्या परतीच्या नळीच्या धातूच्या जोडावर काळी चिकटपट्टी लावून, सावलीत, जवळून मोजणी करावी. बाहेरचे लोखंड आतल्या तेलापेक्षा काही अंश थंडच असते. तेव्हा बाहेरून मोजलेला आकडा काट्यापेक्षा थोडा कमी आला तर बिघडले नाही. पण बाहेरचे लोखंड ७५ अंश आणि काटा मात्र ‘थंड’ म्हणत असेल, तर खोटे कोण बोलत आहे याविषयी शंका उरत नाही.

हाताने चाचपून तापमान ठरवण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. ६० अंशांच्या पाण्याचा पाच-सहा सेकंदांचा स्पर्श त्वचा भाजण्यास पुरेसा असतो. दाबाखालच्या गळतीवर हात फिरवणे तर त्याहून भयंकर. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून येणारी तेलाची चिळकांडी त्वचेत शिरते, वेदना सुरुवातीला क्षुल्लक वाटते आणि वेळेवर शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. गळती पुठ्ठ्याच्या तुकड्याने शोधावी.

सापळ्यातले शून्य

हा विषय यंत्रापुरता मर्यादित नाही. सरगूरच्या कापसात आणि विदर्भाच्या कापसात आणखी एक मापक उभा असतो: गुलाबी बोंडअळीसाठी लावलेला कामगंध सापळा. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ पतंग आढळले की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली, असे विस्तार कार्यकर्ते शेतकऱ्यांना सांगतात. ते योग्यच आहे. पण सापळ्यात एकही पतंग नसेल तर काय समजावे?

बहुतेक वेळा समजले जाते ते असे, की कीड नाही. वस्तुतः त्या शून्याचे दोन अर्थ संभवतात. कीड खरोखर नसेल, किंवा सापळा मुका झाला असेल. ल्यूरमधला गंध उन्हाने उडून गेलेला असतो, नवी ल्यूर लावण्याची तारीख कोणी लिहून ठेवलेली नसते, सापळा पिकाच्या शेंड्याखाली दडलेला असतो, प्लास्टिकची पिशवी खालून फाटलेली असते. तुटलेल्या वायरचा काटा जसा ‘थंड’ म्हणतो, तसा मेलेला सापळा ‘शून्य’ म्हणतो. दोन्ही बिघाड दिलाशाच्या बाजूने होतात. अळी बोंडाच्या आत शिरलेली असल्याने बाहेरून पीक हिरवेगार दिसते आणि वेचणीच्या वेळी किडकी, अर्धवट फुटलेली बोंडे हाती येतात. गुलाबी बोंडअळीने २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात काय केले, हे कापूस उत्पादकांना सांगण्याची आवश्यकता नाही. मक्यावरील लष्करी अळी भारतात २०१८ मध्ये प्रथम आढळली ती कर्नाटकातच. मका पिकवणाऱ्या सरगूर परिसराला तिच्या सापळ्यांचीही अशीच परीक्षा घ्यावी लागते.

सापळ्याची शहानिशाही ट्रॅक्टरच्या काट्यासारखीच होते. जुन्या सापळ्यापासून काही अंतरावर ताज्या ल्यूरचा सापळा लावून तीन रात्री दोहोंची तुलना करावी. शेतातून २० हिरवी बोंडे तोडून, फोडून पाहावीत; डोमकळ्या मोजाव्यात. सापळा शून्य सांगत असताना बोंडांत अळी सापडली, तर शेतकऱ्याने विश्वास बोंडावर ठेवावा. बोंड फोडणे म्हणजे कापसाच्या शेतात इन्फ्रारेड थर्मामीटर धरणेच होय. ट्रॅक्टरचलित फवारणी यंत्रावरील दाबमापकाचीही गोष्ट वेगळी नाही. त्याचा काटा काहीही सांगो, प्रत्येक नोझलखाली मोजपात्र धरून एका मिनिटाचे पाणी मोजल्याखेरीज एकरी किती द्रावण पडते, हे कळत नाही. नव्या नोझलच्या तुलनेत प्रवाह दहा टक्क्यांहून अधिक वाढला, की ते नोझल बदलावे हा नियम जगभर पाळला जातो.

तात्पर्य असे की, ‘काही नाही’ हे उत्तर ‘काही आहे’ या उत्तराइतकेच पुराव्याने सिद्ध व्हावे लागते. ज्या मापकाने कधीही होकार देऊन दाखवलेला नाही, त्याच्या नकाराला किंमत नसते.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

यावर अनुभवी चालकांचा पहिला आक्षेप असतो, की त्यांना आवाजावरून सारे कळते. तो आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. वीस वर्षे ट्रॅक्टर चालवणाऱ्याचा कान हे उत्तम साधन आहे आणि पंपाचा बदललेला सूर त्याला मापकाच्या आधी ऐकू येतो. परंतु आजचे ट्रॅक्टर एकाच मालकाच्या हाती राहत नाहीत. कर्नाटकातील कृषी यंत्रधारे केंद्रे असोत की महाराष्ट्रातील अवजार बँका, तेथे एका यंत्रावर हंगामात अनेक चालक बसतात. कान दुसऱ्याला हवाली करता येत नाही. नोंदवही करता येते. शिवाय आवाज बदलतो तोवर तेल बरेच तापून गेलेले असते.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि वेळेचा. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो, इन्फ्रारेड थर्मामीटरही एका अवजार बँकेला जड वाटावा असा नाही. सेन्सर न काढता करावयाच्या तपासण्यांना अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. याच्या तुलनेत पंप आणि सीलांची दुरुस्ती, वाया गेलेले तेल आणि ऐन हंगामातले बंद दिवस मांडून पाहिले, तर हिशेब कोणालाही कळेल.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: शेतकऱ्याने आणखी किती गोष्टी शिकाव्यात? माती, बियाणे, कीड, बाजारभाव, विमा आणि आता विद्युत रोधही! हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच ही जबाबदारी एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारून चालणार नाही.

काय व्हावे

पहिली अपेक्षा विस्तार यंत्रणेकडून आहे. ट्रॅक्टर देखभालीच्या प्रशिक्षणांत तेल कधी बदलावे, गाळणी कधी धुवावी, हे तळमळीने शिकवले जाते. मापक खरा आहे का, हे कसे पाहावे याचा धडा मात्र क्वचितच असतो. म्हैसूर जिल्ह्यातील सुत्तूरचे कृषी विज्ञान केंद्र असो किंवा मराठी मुलखातील कोणतेही केंद्र असो, प्रत्येक यंत्र-प्रशिक्षणात वीस मिनिटांचे एक प्रात्यक्षिक सहज बसू शकते. चालू ट्रॅक्टरची वायर काढून काटा थंडीकडे पडताना एकदा पाहिला, की तो धडा प्रशिक्षणार्थी विसरत नाही. त्याच दिवशी, त्याच गटाला जुनी आणि ताजी ल्यूर शेजारी ठेवून दाखवावी. यंत्र अभियंता आणि कीटकशास्त्रज्ञ यांनी एकाच मंडपात, एकच गोष्ट सांगण्याचा तो उत्तम प्रसंग ठरेल.

दुसरी अपेक्षा अवजार बँका व भाडे केंद्रांकडून. प्रत्येक यंत्रासोबत एक तपासणी-पत्र असावे. त्यावर तीन तारखा आणि तीनच आकडे पुरेत: सकाळचे तापमान, जड कामानंतरचे काट्यावरचे तापमान आणि त्याच वेळी बाहेरून मोजलेले तापमान. हंगामापूर्वी, हंगामाच्या मध्यावर आणि हंगामानंतर, अशी वर्षातून तीनदा नोंद झाली तरी सेन्सर कधी खोटे बोलू लागला, हे पुढच्या चालकाला कळेल. भाड्याने यंत्र नेणाऱ्या शेतकऱ्याने हे पत्र मागण्याचा हक्क बजावावा.

तिसरी अपेक्षा उत्पादकांकडून. वायर तुटली असता काटा ‘थंड’ दाखवतो, ही निसर्गाची आज्ञा नव्हे. ती रचनेतली निवड आहे. तुटलेला सेन्सर ओळखून ‘बिघाड’ असा स्पष्ट इशारा देणारी यंत्रणा तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही आणि अनेक आधुनिक यंत्रांत ती असतेही. मध्यम अश्वशक्तीच्या, म्हणजे बहुसंख्य शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरला ती का मिळू नये? निदान सेन्सरच्या रोधाचे तापमानवार आकडे मराठी, कन्नड अशा शेतकऱ्यांच्या भाषांतील पुस्तिकांत छापण्यास तरी कोणाची हरकत नसावी. ही माहिती सेवा केंद्राच्या कपाटात राहिली, तर खेड्यातल्या मेकॅनिकला अंदाजावरच काम करावे लागते.

एप्रिलमध्ये सरगूरच्या शिवारात वळवाचे ढग जमतात आणि जूनमध्ये यवतमाळच्या आभाळात मृगाचे. दोन्हीकडे शेतकऱ्याला काम साधण्यासाठी मिळतात ते मोजके दिवस. तहान लागल्यावर विहीर खणायची नसेल, तर काट्याची परीक्षा ट्रॅक्टर गोठ्यासमोर उभा असताना, हंगामापूर्वीच्या एखाद्या निवांत सकाळी घेतली पाहिजे. वायर काढावी, टेकवावी, काटा हलतो का पाहावे. तो हलला, तरच पुढच्या दुपारी त्याच्या स्थिरपणावर विश्वास ठेवावा.